बघ्यांनी बोलू नये

आमच्या मंडळाच्या भिंतीवर तेलरंगात रंगवलेली एक पाटी होती: 'बघ्यांनी बोलू नये.' हे बुद्धिबळ मंडळ सांगलीत, घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या एका इमारतीच्या तळमजल्यावर भरायचं. दोघं खेळायला बसलेले आणि पाच-सहा जण भोवती हाताची घडी घालून उभे, असं तिथलं रोजचं चित्र. उभ्यांपैकी कुणाच्या तोंडून 'अरे, घोडा' एवढं जरी निसटलं, तरी त्यानं हजर असलेल्या सगळ्यांना चहा पाजायचा, हा दंड. खोकला आला तर लोक बाहेर जाऊन खोकून यायचे. एकदा कुणाच्या तरी पाहुणा म्हणून आलेल्या जावयानं एका खेळीवर नुसतं 'च् च्' केलं, तर एवढ्याला दंड लागतो का, यावर डाव थांबवून चर्चा झाली. लागतो, असं ठरलं. जावयानं चहा पाजला आणि तो पुन्हा कधी मंडळाची पायरी चढला नाही.

मी त्या पाटीखाली वाढले. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मूळचे रहिमतपूरचे. पाटबंधारे खात्यात नकाशे काढायची नोकरी. मी लहान असताना आम्ही साताऱ्याला होतो, आणि तिथेच त्यांनी मला हत्ती सरळ जातो आणि उंट तिरका, हे शिकवलं. मला ते पटकन जमलं. शाळेच्या स्पर्धेत मी मोठ्या मुलांना हरवलं, वर्तमानपत्रात बोटभर बातमी आली, आणि कुणीतरी अण्णांच्या डोक्यात भरवलं की पोरीत दम आहे, हिला सांगलीला न्या, बुद्धिबळ तिथे आहे. लोक आईवडिलांच्या आजारपणासाठी बदली मागतात, गावाजवळ घर बांधायचंय म्हणून मागतात. अण्णांनी माझ्या बुद्धिबळासाठी मागितली आणि ती मिळालीसुद्धा. आईचं माहेर कुंडलचं, त्यामुळे माहेर जवळ आलं म्हणून तीही खूश. नाखूश एकटी मीच होते, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

आता हे नीट सांगायला हवं. मला बुद्धिबळ आवडायचं. दुसऱ्याचा डाव बघताना तर मला तहानभूक सुचायची नाही. पण स्वतः खेळायला बसलं की माझं सगळं बिघडायचं. सकाळपासून पोटात गोळा. घड्याळाची टिकटिक सुरू झाली की हाताला घाम सुटायचा, आणि उचललेला उंट बोटांना चिकटतोय असं वाटायचं. हरले तर दोन दिवस तोंड वर करवायचं नाही. जिंकले तर पुढची फेरी आणखी अवघड, म्हणजे आणखी मोठा गोळा. मी बरी खेळायचे हेच माझं दुर्दैव. वाईट खेळत असते तर कधीच सुटले असते.

प्रत्येक स्पर्धेला अण्णा बरोबर यायचे. त्यासाठी ते आपली हक्काची रजा खर्च करायचे. आई दोघांचा डबा द्यायची: पोळ्या, बटाट्याची कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी. मी हॉलमध्ये गेले की अण्णा बाहेरच्या पायरीवर बसायचे. पालकांना आत सोडत नसत. मी बाहेर आले की 'काय झालं?' असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. ते विचारायचे, "भूक लागली का गं?" मी 'व्हय' म्हणाले तर मी जिंकलेली असायचे, 'न्हाई' म्हणाले तर हरलेली. मग ते डब्यातला माझा वाटा पुढे करायचे आणि म्हणायचे, "मी जेवलोय, तू खा." आमचं स्पर्धेबद्दलचं एकूण बोलणं एवढंच.

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना पुण्याच्या एका निवड स्पर्धेत अण्णांनी माझं नाव घातलं. स्पर्धा दिवाळीनंतर होती. तिथे वर आले असते तर पुढे परराज्यात, मग आणखी पुढे. मला एका दुपारी, कॉलेजच्या वर्गात सर लेखापरीक्षण शिकवत असताना, एकदम लख्ख कळलं की मी हे नाही करू शकत. पुण्याला जायचं नाही आणि त्यानंतरही कुठे जायचं नाही. हे कळल्यावर इतकं हलकं वाटलं की मी वर्गात हसले आणि सरांनी मला उभं केलं. पण घरी येईपर्यंत ते हलकेपण गेलं, कारण हे अण्णांना सांगायला लागणार होतं. ज्या माणसानं आपलं गाव, मित्र, साताऱ्याची हवा सोडून सांगलीच्या उन्हाळ्यात संसार हलवला, त्याला काय सांगायचं, की मला पहिल्यापासून नको होतं?

मी रोज ठरवायचे. सकाळी ते दाढी करताना सांगायचं ठरवलं, तर हातात पातं. जेवताना सांगायचं, तर आई समोर. मंडळात जाताना सायकलीवरून सांगायचं, तर मध्ये रिक्षा यायची. खरं तर रिक्षा नसत्या आल्या तरी मी सांगितलं नसतं. आमच्या घरात पाटी नव्हती एवढंच, नियम मंडळाचाच होता.

त्याच दिवसांत आमच्याकडे इंटरनेट आलं. शतक संपायला एखाद-दोन वर्षं राहिली होती. हळदीच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एकाचं एस.टी.डी. आणि झेरॉक्सचं दुकान होतं, त्यानं मागच्या खोलीत संगणक मांडले आणि बाहेर 'सायबर कॅफे' असा फलक लावला. कॅफे म्हटल्यावर लोक चहा मागायला आत यायचे. दुकानदार तिशीतला, बोलका, आणि आपल्या यंत्रावर लेकराइतकं प्रेम करणारा. मॉडेम लावलं की ते किरकिरायचं, कण्हायचं, आणि मग गप्प व्हायचं. गप्प झालं की तो म्हणायचा, "लागली!" आणि आम्ही सगळे सुटकेचा श्वास टाकायचो.

युरोपात एक मोठी स्पर्धा चालू होती. जगातले वरचे खेळाडू तिथे एकमेकांशी खेळत होते आणि प्रत्येक खेळी लगेच इंटरनेटवर दिसते, अशी बातमी मंडळात आली. तोवर आम्ही असे डाव वर्तमानपत्रात वाचायचो, तेही शिळे, आणि छापताना एखादी खेळी गळलेली. अण्णा रविवारी पट मांडून असा डाव खेळून बघायचे, आणि मधली गळलेली खेळी काय असेल यावर आमची संध्याकाळ जायची. आता डाव चालू असतानाच दिसणार म्हटल्यावर कुणालाच धीर निघेना. तिकडे दुपारी डाव सुरू व्हायचा तेव्हा आमच्याकडे दिवेलागणीची वेळ असायची. पहिल्या संध्याकाळी आम्ही चौघं गेलो: अण्णा, मी, मंडळाचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त हेडमास्तर, आणि हळदीची अडत असलेले एक काका, ज्यांच्या सदऱ्याला कायम पिवळी कड असायची.

पडद्यावर एक पट होता, त्यावर सपाट मोहरे. माणसं नाहीत, आवाज नाही. वर खेळाडूंची नावं होती, पण ती आम्हाला उच्चारता येईनात. वयं दिली होती, त्यावरून आम्ही एकाला म्हातारा आणि दुसऱ्याला पोरगा म्हणायला लागलो. म्हातारा जेमतेम चाळिशीचा होता. आम्ही चौघं हाताची घडी घालून त्या पडद्याभोवती उभे राहिलो. दुकानदारानं खुर्च्या दिल्या, तर त्या आम्ही उचलून, आवाज न करता बाजूला ठेवल्या. एक प्यादं आपोआप पुढे सरकलं. कुणी काही बोललं नाही. समोरून घोडा आला. कुणी काही बोललं नाही.

माउस हातात घ्यायलाही कुणी तयार नव्हतं. काकांनी एकदा धरला, तर पडद्यावरचा बाण नेमका घोड्यावर गेला आणि त्यांनी चटका बसल्यागत हात मागे घेतला. हात लावलेला मोहरा खेळावाच लागतो, हा नियम त्यांच्या हाडात मुरलेला. "न्हाई गड्या," ते दुकानदाराला दबक्या आवाजात म्हणाले, "माझ्यामुळं त्येचा घोडा हालायचा."

दुकानदार दारात उभा राहून हे बघत होता. त्याला वाटलं आमच्यात कुणीतरी गेलंय.

मग ते झालं. पोरग्यानं एक साधं प्यादं मारायचं सोडून राजा बाजूला नेला, आणि मास्तर, ज्यांनी ती पाटी स्वतःच्या हातानं रंगवली होती, ते मास्तर ओरडले, "अरे मूर्खा, उंटानं मार की!"

खोली गार पडली. मास्तरांनी तोंडावर हात ठेवला. अडतदार काका त्यांच्याकडे असे बघत होते की जणू मास्तर देवळात चपला घालून आले. तेवढ्यात दुकानदार म्हणाला, "मास्तर, आणखी मोठ्यानं बोला. आवं, त्येला काय बी ऐकू जात न्हाई."

हे आम्हा चौघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. आम्ही हसायला लागलो ते थांबेचना. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानंतर मात्र आमच्या तोंडांची कुलपं जी उघडली ती उघडलीच. वर्षानुवर्षं गिळलेल्या खेळ्या बाहेर पडायला लागल्या. काका टेबलावर हात आपटून म्हणायचे, "हत्ती आण रं, हत्ती!" मास्तर पोरग्याला शाळेतल्यासारखं रागवायचे. अण्णा, जे घरी दिवसातून मोजकं बोलायचे, ते म्हाताऱ्याच्या बाजूनं अशी वकिली करायचे की बाहेर झेरॉक्सला आलेली गिऱ्हाइकं डोकावून बघायची. आणि मी? मी तर सुटलेच होते. घड्याळ दुसऱ्याचं चाललं होतं, घाम दुसऱ्याला फुटत होता, आणि मला फक्त विचार करायचा होता. चुकलं तर 'चुकलं' म्हणायचं आणि भडंगाचा पुढचा घास घ्यायचा. असं बुद्धिबळ असू शकतं हे मला कुणी आधी का सांगितलं नाही, याचा मला चक्क राग आला. पुढच्या सगळ्या संध्याकाळी आम्ही तिथेच होतो.

पण घरी परत जाताना अण्णा सायकल हातात धरून म्हणायचे, "तो म्हातारा कसा टिकून बसला बघितलंस न्हवं? पुण्यात तसं बसायचं." माझ्या पोटात लगेच गोळा. एकदा ते म्हणाले, "उद्या रजेचा अर्ज टाकतो." मी म्हणाले, "टाका." एवढी कशी घाबरट होते मी, कोण जाणे. एरवी घरात भांडायला मीच पुढे असायचे.

मग स्पर्धेची शेवटची फेरी आली. म्हातारा आणि पोरगा पुन्हा समोरासमोर होते, आणि जिंकेल तो पहिला येणार होता. दुकानदारानं लाइन लावून दिली आणि पुढे गल्ल्यावर जाऊन बसला. डाव रंगला. पोरग्याचा वजीर म्हाताऱ्याच्या राजाजवळ जाऊन पोचला, आणि म्हाताऱ्यापुढे दोन वाटा उरल्या: घोडा देऊन मोकळं व्हायचं, नाहीतर राजा कोपऱ्यात नेऊन मार खात बसायचं. खेळी म्हाताऱ्याची होती.

म्हातारा विचार करायला लागला.

आम्ही वाट बघितली. पट हालेना. काकांनी भडंगाचा पुडा संपवला. पट हालेना. "ह्याला म्हणतात चिंतन," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज आदरानं खाली आला होता. "आजकालच्या पोरांना हे जमायचं नाही." काकांनी मान डोलावली. आपण जगातल्या एका मोठ्या माणसाचा विचार होताना बघतोय, या भावनेनं आम्ही चौघं त्या न हालणाऱ्या चित्राकडे डोळे लावून बसलो. दुसरा कुठलाही खेळ असता तर एवढा वेळ काहीच हालत नाही म्हटल्यावर कुणीतरी शंका घेतली असती. आम्ही बुद्धिबळवाले. जितकं हालत नव्हतं तितका आमचा आदर वाढत होता.

शेवटी काकांना चहाची तलफ आली. मास्तरही उठले. "खेळला तर हाक मारा," असं सांगून दोघं समोरच्या टपरीवर गेले. खोलीत अण्णा आणि मी राहिलो.

"बघ की," अण्णा पडद्याकडे बघत म्हणाले, "कसा बसलाय. आतनं काय हुत असंल त्येला."

"मला म्हाईत हाय काय हुतंय," मी म्हणाले.

हे मी ठरवून बोलले नाही. तोंडातून गेलं, आणि गेल्यावर मागचं सगळं त्याच्या पाठोपाठ आलं. "हाताला घाम येतोय. मोहरा बोटाला चिकटतोय. सकाळपासनं पोटात गोळा असतोय. समोरच्याचं घड्याळ चालू असलं तरी आपलंच चाललंय असं वाटतंय. अण्णा, मला न्हाई खेळायचं आता. पुण्याला बी न्हाई जायचं."

अण्णांनी मान वळवली नाही. त्यांची नजर पटावर होती, माझीही. समोरासमोर बसलो असतो तर मला हे जन्मात जमलं नसतं. म्हातारा अजून विचार करत होता, आणि तो विचार करतोय तोवर आम्हालाही उत्तर द्यायची घाई नव्हती.

"कवापासनं?" अण्णांनी विचारलं.

"पहिल्यापासनं."

"साताऱ्यापासनं?"

"व्हय."

मला याच शब्दाची भीती होती. साताऱ्यापासून म्हणजे बदलीच्या आधीपासून. अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला.

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी बदली घेतली न्हवं माझ्यासाठी."

मग त्यांनी एक विचित्र गोष्ट विचारली. "आपला डबा असतोय न्हवं, दोन माणसांचा?"

"व्हय."

"त्यातला माझा वाटा मी कदी खाल्लाच न्हाई."

मला काही कळेना. मी पहिल्यांदा पडद्यावरची नजर काढून त्यांच्याकडे बघितलं. ते चक्क लाजले होते.

"तू आत गेलीस की माझ्या घशाखाली घास उतरत न्हाई," ते म्हणाले. "पाणी प्यालो तरी मळमळतंय. पायरीवर बसून नुसता पेपर धरायचा, एक अक्षर डोक्यात जात न्हाई. डबा तसाच घरी न्यावा तर तुझी आई इचारणार. म्हणून दारावरच्या वॉचमनला द्यायचो. जिथं जाऊ तिथं, तिथल्या वॉचमनला."

"आन् 'मी जेवलोय' म्हणायचा ते?"

"मग काय सांगायचं? तू डाव खेळून येणार, आन् मी बाहेर बसून आजारी पडलो म्हणून सांगू?" ते हसले. "जिंकून आलीस की तू हसायचीस. ते हसू बघून वाटायचं, पोरीला हवंय हे, आपलं पोट गेलं उडत."

"मी संपलं म्हणून हसायचे हो अण्णा."

यावर आम्ही दोघंही हसलो, आणि हसताहसता मला रडू आलं, आणि त्याचीही मला लाज वाटली नाही. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या मागच्या खोलीत कळलं. अण्णांना वाईट वाटलं नसेल असं मी म्हणणार नाही. त्यांनी हॉलच्या पायऱ्यांवर काढलेली वर्षं काही थोडी नव्हती. पण त्यांचे खांदे, जे मी कायम थोडे वर उचललेले बघितले होते, ते खाली आले होते. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा पटाकडे बघत, अगदी हळू विचारलं, "पण बघायला येशील न्हवं माझ्यासंगं?"

त्यांची भीती एवढीच होती. बदली नाही, पुणे नाही, चषक नाही. मी पडद्यावरच्या घोड्यावर सरळ बोट ठेवलं आणि म्हणाले, "ह्यो घोडा त्यो देतोय का न्हाई, ते बघितल्याबिगर मी जातेय व्हय?"

तेवढ्यात मास्तर आणि काका चहा पिऊन आले. "अजून नाही खेळला?" मास्तर थक्क होऊन म्हणाले. "काय संयम! काय संयम!" त्यांनी अक्षरशः हात जोडले.

त्यांचं बोलणं ऐकून दुकानदार गल्ल्यावरून आत आला. त्यानं एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा मॉडेमच्या विझलेल्या दिव्यांकडे, आणि कपाळाला हात लावला. मग जिन्याच्या तोंडाशी जाऊन वर बघून ओरडला, "अगं, फोन ठिव की!"

झालं होतं असं, की इंटरनेटची लाइन म्हणजे त्याच्या घरचीच लाइन होती, आणि तिचा दुसरा फोन वरच्या मजल्यावर होता. त्याच्या बायकोला तिच्या आईशी बोलायचं होतं. तिनं वर फोन उचलला तेव्हा आमची लाइन तुटली, आणि म्हातारा तिथेच थिजला. दोघी मायलेकी मनसोक्त बोलत होत्या तोवर आम्ही चौघं खाली एका मेलेल्या चित्राची पूजा करत होतो.

फोन ठेवला गेला, मॉडेम किरकिरलं, कण्हलं, गप्प झालं. "लागली!" नवीन पान उघडलं तेव्हा डाव केव्हाच संपला होता. म्हाताऱ्यानं घोडा दिला होता, तोही अगदी झटक्यात, आणि पुढे दोघांनी बरोबरी मान्य करून हात मिळवले होते. बहुतेक ते जेवूनही आले असतील.

मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा होता. "म्हणजे इतका वेळ," ते दुकानदाराला म्हणाले, "आम्ही तुझ्या सासूबाईंचं चिंतन बघत होतो?"

"लय खोल असतंय त्येंचं," दुकानदार म्हणाला.

काका खुर्चीवरून पडायचे राहिले. एवढं मंडळाच्या इतिहासात कुणी हसलं नसेल. पण सगळ्यांत जास्त अण्णा हसत होते, आणि ते का हसतायत हे फक्त मला माहीत होतं. बाहेर पडल्यावर त्यांनी सायकलीचं कुलूप काढता काढता सवयीनं विचारलं, "भूक लागली का गं?"

"लय," मी म्हणाले.

घरी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती अण्णांची समजूत काढेल, किंवा माझी. तिनं पोळी लाटणं थांबवलं आणि डब्याचा भाग तेवढा पुन्हा सांगायला लावला. "म्हंजे," ती अण्णांना म्हणाली, "मी पहाटं उठून, हात भाजून केलेल्या पोळ्या इतकी वर्षं गावोगावच्या वॉचमननी खाल्ल्या व्हय?" अण्णांनी मान खाली घातली. "आन् एकानं बी कदी चांगल्या झाल्यात म्हणून निरोप धाडला न्हाई," आई म्हणाली आणि तिनं लाटणं परत हातात घेतलं. बुद्धिबळ सोडल्याबद्दल ती एवढंच म्हणाली, की बरं झालं, आता लेकरू दिवाळीला कुंडलला तरी येईल. त्या वर्षी मी पहिल्यांदा मामाकडे भाऊबीजेपर्यंत राहिले.

अण्णांची रजा मात्र मंजूर होऊन बसली होती, आणि सरकारी रजा परत करणं म्हणजे पाप, असं ते मानायचे. पुण्याच्या स्पर्धेच्या पहिल्या दिवशी ते घरीच होते. दुपारभर झोपले. संध्याकाळी आईनं दोन माणसांचा डबा भरून हातात दिला आणि आम्ही सायबर कॅफेत गेलो. तिकडे दुसरी कुठली तरी स्पर्धा सुरू होत होती. दुकानदारानं पडदा लावून दिला आणि बजावलं, "आवं अण्णा, खावा, पण बटनांवर सांडू नगा. आन् फोनचं भ्या न्हाई, आज ती माहेरालाच गेलीया."

पटावर सगळे मोहरे आपापल्या जागी होते. कुणीतरी दूर देशी घड्याळ सुरू केलं असेल, कुणाच्या तरी पोटात गोळा आला असेल. मास्तर आणि काका अजून यायचे होते. अण्णांनी मांडीवर रुमाल पसरला, डब्याचं झाकण काढलं, पोळीचा तुकडा मोडून चटणीला लावला. पहिलं प्यादं पुढे सरकलं तेव्हा त्यांचं तोंड भरलेलं होतं, आणि त्यांना बोलताच आलं नाही.